मोजपट्टी

तो आला तेव्हा ऑक्टोबर होता, बुधवार,
म्हणजे कचऱ्याच्या गाडीचा वार.
बाबा डबा ओढत रस्त्याकडे निघाले होते
आणि गॅरेजच्या दिव्याखाली तो उभा होता,
ओल्या देवदाराचा वास सोडत,
पत्ता चुकलेल्या माणसासारखा.

त्याच्यापायी बाबांची अकरा वर्षं गेली होती.
सगळ्या रजा रेनियरच्या उतारांवर, भिजक्या तंबूत,
चिखलातल्या दिसेल त्या खड्ड्यात प्लास्टर ओतत.
तळघरात सव्वीस ठसे होते.
पंचवीस अस्वलांचे, आई म्हणायची,
आणि सव्विसावा तुझा, बिअर प्यायल्यावरचा.
आता तो समोर, हाताच्या अंतरावर,
मोजपट्टी खिशात,
आणि बाबांना सुचलं एवढंच:
"आत या. गारठा आहे."

वाकून आला. तरी चौकट गेली.

पहिला आठवडा आम्ही कुजबुजत काढला.
मग मोरी केसांनी तुंबली आणि आईचा आवाज चढला.
छताला एक तेलकट रेघ उमटली,
बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून परत,
त्याच्या डोक्याची ये-जा.
आई ती दर शनिवारी पुसायची,
मग महिन्यातून एकदा,
मग तिने वर बघणंच सोडलं.

फ्रिज उघडून त्याच्यासमोर बसायचा.
खायचा काही नाही, दिव्याकडे बघायचा.
दार लावलं की आतला दिवा खरंच विझतो का,
हे आम्ही दोघांनी मिळून
एक अख्खी दुपार तपासलं.
अजून खात्री नाही.

ओकाझाकी बाईंना आम्ही सांगितलं,
बाबांचा चुलतभाऊ आहे, अलास्काचा.
त्यांनी कुंपणावरून बराच वेळ पाहिलं.
दुसऱ्या दिवशी पर्सिमनची टोपली आली.
"मोठ्या माणसाला पुरतील ना?"

पलंग दिला. गादी दिली. गॅरेज रिकामं केलं.
तो झोपायचा बोळात,
धुण्याचं मशीन आणि संडास यांच्या मधे,
बुटांच्या कपाटाला डोकं टेकून, मुटकुळं करून.
रात्री उठलं की त्याला ओलांडून जावं लागे.
सोरेन पाच वर्षांचा, त्याला ओलांडता यायचं नाही,
तो अर्ध्यातच झोपून जायचा, वरच.

फेब्रुवारीत पाइप फुटला.
डेल्बर्ट नावाचा प्लंबर फरशीखाली रांगत गेला,
(तो शॉवरच्या पडद्यामागे, श्वास रोखून,
पडद्यावर छापील बदकं)
आणि कोळिष्टकं झटकत वर आला.
म्हणाला, तुमच्या बोळाखाली एक बुंधा आहे.
बुंधा म्हणजे,
त्याने हात पसरले, पुरले नाहीत.
उपटायला खर्च येतो ना,
बिल्डरने कापला आणि वर घर ठोकलं.
आतून पोकळ आहे. वाळका पाला आहे तळाशी,
दाबून बसवल्यासारखा.
कुणी निजायचं की काय, म्हणाला, आणि हसला.

बाबा हसले नाहीत.
त्यांनी पैसे दिले, पावती घडी करून ठेवली,
मग बुटांचं कपाट एकट्याने उचललं
आणि मागच्या पायरीवर नेऊन ठेवलं.
तेव्हापासून आमचे बूट पावसात असतात.
शाळेत माझ्या मोज्यांना वास येतो.
ब्रिन फ्येलस्टाड, तुमच्याकडे काय कुत्रा आहे का,
असं विचारतात.
नाही, म्हणते मी.

परवा आईच्या हातून पिठाची पिशवी सुटली
आणि तो त्यातून चालत गेला.
स्वयंपाकघरात पाच बोटांचं, टाचेसकट,
स्वच्छ, पांढरं, पुरं पाऊल.
तळघरातल्या सव्वीसही ठशांना लाजवील असं.
बाबा उकिडवे बसले.
हात खिशात गेला.
बराच वेळ तिथेच राहिला.

मग म्हणाले, ब्रिन, झाडू आण.
ओला नको, कोरडा.
ओल्याने त्याचा पाय घसरतो.