पाळीचं पाणी

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला,
आधी नळातून नुसता वारा, मग खोकला,
मग करंगळीएवढी धार.

पोचम्माला एक रात्र पाण्यात निजवायचं,
शास्त्रीबुवा म्हणाले, पुरती बुडाली पाहिजे.
मूर्ती तीन फुटी, काळी, टेम्पोतून गवतात गुंडाळून आलेली.
हौद पत्र्याचा, इरेशमच्या डाईंगमधून उसना,
सूत रंगवून रंगवून त्याच्या कडेला जी निळी रेघ बसलीय
ती चिंचेनं घासली तरी गेली नाही.
टँकर सांगू या, कोणीतरी म्हणालं.
टँकरचं नको. घरागणिक एक घागर.

माझी कंबर विड्या वळून वळून धरलेली.
त्या रात्री नळाशी सून बसली, भाग्यरेखा,
गुडघे पोटाशी घेऊन.
मला कळलं.
लग्नाला चार वर्षं झाली,
दर महिन्याला आमच्या घरात हे कळतं
आणि कोणी काही बोलत नाही.
घागर भरली तिनं, काठोकाठ,
तोंडाला फडकं बांधलं, आणि माझ्याकडे बघून
म्हणाली, अत्तम्मा, तुम्हीच न्या.

देवळात बुवांनी विचारलं,
सोवळ्यात भरलंय ना?
मी म्हटलं, काल पाळी होती, म्हणून तर भरलं.
त्यांनी मान हलवली
आणि घागर ओतली हौदात.
एकशे चौदा घरांचं पाणी एकात एक मिसळलं,
कोणाचं कुठलं, ते पाण्याला विचारा.
रात्रभर ती त्यात होती. नाकातोंडावर पाणी.
मी दोनदा उठून बघून आले, उगीच,
जसं तापातल्या पोराला बघतात.

सकाळी पाणी गटारात सोडवेना कोणाला.
ज्यानं त्यानं आपापली घागर परत भरून नेली.

मग ज्वारीत निजवलं. मूठमूठ मागितली होती,
माझ्या मुठीला तंबाखूचा वास, तो जातच नाही,
देवीला शिंक आली असेल तर माझ्यामुळे.
संध्याकाळी अंथरूण घातलं. उशी, गादी,
आणि वर नरसय्याची चादर, मोराची,
त्याच्या मागावरची शेवटची.
माग पुढच्या आठवड्यात किलोवर गेला.
चादर पसरताना त्यानं कोपरा उलटून
धागा तोडला दातानं,
गिऱ्हाइकाला देताना तोडायचा तसाच.

मंगळवारी पहाटे डोळे.
सोन्याची काडी, मध, तूप.
समोर कोणी थांबू नका, बुवा ओरडले,
पहिली नजर माणसाला झेपत नाही, आरशाला झेपते.
आरसा केशकर्तनालयातला, लचमय्यानं धरलेला,
कोपऱ्यात साबणाचा वाळका शिंतोडा.
आम्ही सगळे भिंतींना चिकटलो.
दारापर्यंत, दाराबाहेर, रस्त्यापर्यंत
सरळ रेघेत कोणी म्हणून उरलं नाही.

फक्त रस्त्यापलीकडे, उभ्या रिक्षेशेजारी,
ती. आत यायचं नव्हतं तिला, म्हणून बाहेर.
बाजूला व्हा हे तिथवर ऐकू गेलं नसावं.

काडी फिरली. आरसा फुटला नाही.
लचमय्याचा हात मात्र कापत होता,
तो वळला आणि उगवतीचं ऊन आरशात शिरलं,
कवडसा उडाला, उंबरा ओलांडून,
रिक्षेच्या टपावरून घसरत
थेट तिच्या कपाळावर.
तिनं डोळ्यांवर हात घेतला नाही.
बुवांची पाठ होती. त्यांनी दर्भ मूर्तीच्या छातीला लावला
आणि श्वासाचे मंत्र सुरू केले,
घंटा, हलगी, बायकांचं रडणं.
मी कोणालाच काही बोलले नाही. आज बोलतेय.

बुधवारी, चौथ्या दिवशी, ती न्हायला बसली.
नळाला शुक्रवारशिवाय पाणी नाही,
घरात होती ती तेवढी एकच घागर.
न्हाणीच्या दाराखालून पाणी आलं बाहेर,
थोडं निळसर. की मला तसं दिसलं.
साबण आहे का गं, मी विचारलं.
आहे, ती म्हणाली.