अपिलात फिरवला

सीबीएसजवळच्या कोर्टात, मागच्या खोलीत
मी रोज दोनशे पानं स्कॅन करते.
डांबरगोळ्या, कसर, दप्तराचं लाल फडकं.
त्यात गेल्या मंगळवारपासून
विसाजी अनंत खेडलेकर, मुन्सफ.

नोकरी सगळी एका कागदात मावते:
येवल्याला उमेदवार कारकून, बिनपगारी;
सिन्नरला शिरस्तेदार; मुन्सफ, पिंपळगाव बसवंत;
मालेगाव; परत पिंपळगाव, कारण लिहिलेलं नाही;
शेवटी नाशिक. अकरा वर्षं एकाच खुर्चीत.
वरच्या खुर्चीत तेवढ्यात सात साहेब,
सातवा याच्या धाकट्या मुलाच्या वयाचा.

मोडी मला मोडकीच येते,
पण त्याचा ‘सबब’ आता लांबून ओळखते.
शेवटच्या ब-ची शेपूट ओढत नेलेली,
जणू लेखणी तशीच टेकवून
खिडकीबाहेर बघत बसला असावा.

सन १८७८. वादी हरकशेट सावकार.
प्रतिवादी तांबट आळीतले नऊ असामी.
तक्रार: ठोक्यांनी झोप होत नाही.
खेडलेकर स्वतः गेला. लिहितो:
‘आम्ही वादीचे माडीवर पहाटेस दोन घटका बसलो.
आवाज फार आहे.
खाली भिवा वलद कोंडाजी याचा हंडा अर्धा झाला होता.
अर्धा हंडा कोण विकत घेतो
हे वादीने शाबीत केले नाही.
सबब दावा रद्द.’

त्याखाली दुसरं अक्षर, तिरकं, घाईतलं:
अपिलात फिरवला.

असे एकोणतीस निघाले.
मोजायचं काम माझं नाही,
मला पानांमागे पैसे मिळतात.

तांबटांचं पुढे काय झालं ते दप्तरात नाही.
संध्याकाळी मुद्दाम आळीतून गेले.
स्टीलची दुकानं, मोबाइलची कव्हरं,
एका ओट्यावर म्हातारा, मांडीशी घंगाळ.
एक ठोका पडला.
मी उभी राहिले.
त्याने घंगाळ फिरवून पाहिलं, चष्मा पुसला,
दुसरा पडेपर्यंत माझी रिक्षा आली.

आज पेन्शनचा अर्ज हाती लागलाय.
जन्मतारीख दोन कागदांत दोन.
शेरा: अर्जदाराने खुलासा करावा.
खुलासा पुढच्या पानावर असणार,
ते पान मागच्याला चिकटलंय.
साहेब म्हणतात, ओढू नका, फाटेल, सोडून द्या.

चहा आलाय.
वाफेवर धरून बघते.