टिपांचा रंग

केमीत डिसेंबरात दुपारी दोनला
दिवस दुकान आवरून निघून जातो.
मग खिडकीच्या काचेत उरतो माझा पडदा,
पांढराफटक,
मार्चात बर्फावर पडलेल्या उन्हासारखा
सरळ डोळ्यांत शिरणारा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंबर तोच आहे,
रंग बदलून बघा.
भिंतीचे? मी विचारलं.
अक्षरांचे, म्हणाल्या.

जन्मभर पांढऱ्यावर काळं केलं,
आता काळ्यावर पांढरं.
पांढरं कसलं, जांभळं, पोपटी, गुलाबी,
फिरत्या पाळण्यावरच्या दिव्यांसारखं.
तासाभरात ओळी थरथरू लागल्या.
डोळे मिटले तरी एक उघडा कंस दिसत राहिला,
त्याचा जोडीदार कुठेच नाही.

मग निळसर. समुद्र गोठण्याच्या आदल्या दिवशीचा.
बघूनच मी मोजे चढवले.
मग पिवळा. ओत्सो म्हणाला,
"जहाजांची वेळापत्रकं लिहितेस की लग्नपत्रिका?"
त्याला लाल नि हिरवा सारखेच दिसतात.
चूक आणि बरोबर
त्याच्यापुढे एकाच कपड्यांत येऊन उभे राहतात,
तो शब्द वाचून ठरवतो.

शेवटी सापडला ब्लीच न केलेल्या कागदाचा रंग,
गिरणीतून निघतो तसा.
आई तिथे तीस वर्षं होती,
बाहीला हाच रंग लावून घरी यायची.
त्यावर अक्षरं काळ्या कॉफीची.
आकडे तेवढे लाल,
बशीच्या कडेला लिंगनबेरीचा मुरंबा असतो, तितपतच.
डोळे निवले.

राहिल्या टिपा.
टिपांना जो तो राखाडी देतो,
असून नसल्यासारखा.
आमच्या प्रोग्राममधल्या सगळ्या टिपा ताउनोच्या.
तो जाऊन दोन हिवाळे झाले.
इतके दिवस मी त्या ओलांडून
खालची ओळ दुरुस्त करत आले.

"हा चार बदलू नका. का, ते मलाही माहीत नाही."
"बर्फफोडं जहाज उशिरा आलं तर इथे रडून घ्या."
"भूक लागली. उरलेलं उद्या."

खाली बरीच जागा रिकामी.

मी राखाडी काढला.
खूप वेळ लावला, जेवायचंही राहिलं.
टिपांना दिला गडद हिरवा,
या दिवसांत बाहेर पाइनवर टिकून असतो तो.

ओत्सो मागून जाताना थांबला.
त्याला रंग कळला नसणार.
खुर्चीवर हात टेकून वाकला, वाचलं,
आणि म्हणाला,
"उद्या म्हणजे कधी, ते नाही लिहिलं?"