काउंटरखालचे बूट

दाल्विकच्या पोहण्याच्या तलावावर
सतरा वर्षं नोकरी करते मी.
का धरली, ते कोणाला सांगितलं नव्हतं.
पगार नाही, गरम पाणी नाही.
क्लोरिन.
क्लोरिनपुढे दुसरा कुठलाच वास टिकत नाही.

वडील मासळीच्या कारखान्यात कॉड कापायचे.
रात्रपाळीहून आले की
स्वयंपाकघरातल्या एकाच खुंटीवर
त्यांचा कोट आणि माझा.
बस, एवढंच कारण.
एवढ्याशा त्या खुंटीला
माझी चौथी ते नववी टांगलेली.

मी वर्गात शिरले की मुलं खिडक्या उघडायची.
जानेवारीतसुद्धा.
बाहेर उणे अकरा, आणि बाई म्हणायच्या,
"कोणी उघडली? लावा बरं,"
की पुढचं गणित.
मारलं कोणीच नाही.
हे मी वर्षानुवर्षं त्यांच्या बाजूनं सांगत आले:
मारलं तर नाही ना कोणी.

आमच्याकडे शार्क पुरून ठेवतात,
मुरला की उकरून काढतात, टांगतात, वारा देतात.
मी नुसतीच मुरले.

आता सेहेचाळीस.
अजून कुठल्याही दाराशी थबकते,
मनगट नाकाशी नेते.
लग्नात, बँकेत, आईच्या मयताला.
ग्रेतारला वाटायचं, घड्याळ बघतेय.
घड्याळ मी घालत नाही
हे नवऱ्याच्या लक्षात यायला सहा वर्षं गेली.
त्यानंच आकुरेरीच्या समुपदेशक बाईंचा नंबर
फ्रिजवर चिकटवला, आणि दोन वर्षं
त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

बाईंनी विचारलं,
"त्या वर्गात तुम्ही कुठे उभ्या आहात?"
दारात.
"अजून?"
मी कोटाचं बटण लावलं, काढलं, लावलं.
परतताना फ्योर्डच्या कडेनं
तो "अजून" शेजारच्या सीटवर
पट्टा न लावता बसून होता.

फेब्रुवारीत ओद्दुर दिसायला लागला.
दहा-अकराचा. पोहण्याचा तास संपून
सगळे कपडे बदलायला गेले तरी
हा गरम कुंडात, हनुवटीपर्यंत.
केसांवर बर्फ धरलेलं,
बोटं सुरकुतून म्हाताऱ्याची झालेली.
"बंद करायचंय रे."
"आणखी पाच मिनिटं."
ती पाच मिनिटं माझ्या ओळखीची होती.

काही न विचारता मागच्या अंगाला गेले.
एक बूट कचऱ्याच्या डब्यात.
दुसरा कुंपणापलीकडे बर्फात, उभाच्या उभा,
कोणीतरी पाय घालेल म्हणून थांबल्यासारखा.

रेडिएटरवर वाळत घातले.
तोवर माझे लोकरी मोजे त्याच्या पायांत,
टाचा घोट्यांवर आलेल्या.
"थांबतं का हे?" त्यानं मोज्यांना विचारलं.
खोटं अगदी ओठांवर आलं होतं.
म्हटलं, "ते थांबतात. मग आपणच चालू ठेवतो.
ते थांबवायला मला फार उशीर झाला."
"किती?"
मी सांगितलं.
त्यानं बोटांवर हिशेब केला आणि घाबरला.
चुकलंच माझं.
घाईनं म्हटलं, "मी कोणापाशी बोलले नव्हते ना.
तू आत्ता बोललास.
तुझी त्यातली बरीच वर्षं वजा."
त्याला पटलं की नाही, कोण जाणे.
मोजे मात्र त्यानं गुडघ्यापर्यंत ओढून घेतले.

त्याला विचारून, त्याच्यादेखत शाळेत फोन केला.
मुख्याध्यापक म्हणाले, "मुलंच ती, स्टेनव्हर."
म्हटलं, "हो. हासुद्धा."
हात थरथरत होता. तो त्यानं पाहिला.
पाहू दे.

सोमवारी आला तो बूट गळ्यात घालून,
नाड्यांची गाठ मानेमागे.
काउंटरवर ठेवले
आणि माझ्याकडे न बघता आत गेला.
मी उचलले, खाली माझ्या बुटांशेजारी ठेवले.
वास येत होता त्यांना.
ओल्या लोकरीचा, पायांचा,
मुलांच्या बुटांना येतो तसा.

खिडकी मी उघडली नाही.