रुग्ण, पुरुष, वय ५१

व्यवसाय: मजुरी.
मीच लिहिलं होतं, रात्री पावणेतीनला,
शाई संपत आलेल्या पेनानं.
स्ट्रेचरवर गुडघे छातीशी घेऊन तो वळला होता,
पोटात पिळा, आठ दिवस शौचाला नाही,
आणि पोट दाबलं की उलट बरं वाटायचं.
हेही लिहिलं. विचार मात्र केला नाही.

मग पाच दिवस.
सर्जरीवाले दोनदा येऊन गेले,
उघडून बघू म्हणाले, मग राहू द्या म्हणाले.
सोनोग्राफी नॉर्मल. दुर्बीण नॉर्मल.
हिमोग्लोबिन साडेसात, कारण सापडत नाही.
ससूनच्या त्या खिडकीतून स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येतात,
प्रत्येक गाडीला नाव आणि नंबर दोन्ही.
आमच्या तोंडी फक्त: खाट एकोणीस.

सहाव्या दिवशी उपासनी मॅडमचा राउंड.
फाइल त्यांनी उघडलीच नाही.
"हात पुढे करा," म्हणाल्या,
तर दोन्ही मनगटं
दोरीवरच्या ओल्या पंचासारखी लोंबली.
खालचा ओठ ओढून टॉर्च धरला:
हिरडीच्या कडेनं निळसर काळी रेघ,
वहीत समास आखावा तशी.
मग माझ्याकडे वळून, अगदी हळू,
"पेशंटचं नाव वाच. पूर्ण."

दस्तगीर बालेखान कलईगर.

(खरं आडनाव हे नाही. पण त्याच कामाचं आहे.)

रक्ताच्या नळ्यांवर, एक्स-रेच्या पाकिटावर
सहा दिवस आम्ही ते लिहीत होतो.
लिहीत होतो फक्त.

मग त्यानं सांगितलं, विचारल्यावर:
स्टील आलं तसा धंदा बसला,
अकरा वर्षं रिक्षा चालवली.
आता बाणेर-बावधनच्या सोसायट्यांत पितळ परत आलंय,
व्हिडिओ बघून लोक पातेली धाडतात.
कथील परवडत नाही. भंगारातलं स्वस्त,
त्यात शिसं किती, कोण मोजतंय?
खोलीला खिडकी एक,
तिची काच नवसागराच्या धुरानं आंधळी.

लाल पेशींत निळे ठिपके निघाले.
रक्तातलं शिसं सत्त्याण्णव.
मॅडम म्हणाल्या, लिहून काढ, छापू.

छापायचे नियम असतात.
नाव नको, आद्याक्षर नको, पेठ नको,
तारीख नको, चेहरा नको.
ज्या एका शब्दात निदान होतं
तो मी सगळ्यात आधी खोडला.
परीक्षकांनी विचारलं: यात नवीन काय?
पुराव्याचीही म्हणे एक पर्वती असते,
वर हजारो माणसांच्या चाचण्या
आणि खाली, चपला काढतात तिथं,
एकट्या माणसाची हकिकत.
ती पातेली ज्या घरांत परत गेली
तिथली चिंचेची आमटी
आमच्या एकाही कोष्टकात नाही.
ती मी लिहिली होती. शब्दमर्यादेत गेली.

छापून आल्यावर पानं घेऊन कसब्यात गेले.
इंग्रजी त्याला येत नाही. फोटोपाशी थांबला.
"हात माझाच." अंगठ्याखाली भाजल्याचा डाग होता.
"नाव कुठंय?"
गोपनीयता समजावली. दोनदा.
दुसऱ्यांदा जरा बरी जमली.

त्यानं ढिगातलं एक पातेलं ओढलं,
काठावरची काजळी अंगठ्यानं पुसली,
ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव वर आलं:
सौ. मनोरमा हिस, मामाकडून, शके १८८५.
"ह्या बाईला मी कधी बघितलं नाही," म्हणाला,
"पण भांडं चुकून दुसऱ्याकडं गेलं
तर परत येतंय की."

मनगट आता बरंच वर येतं.
चहा त्यानं स्वतः ओतला, थोडा बशीत सांडला.
मग फळीवरच्या डब्यातून
शुद्ध कथलाची पावती काढून माझ्यापुढे धरली.
वजन, दर, रोख,
आणि वरती त्याचं नाव.
मी वाचलं. पूर्ण.