आधे दाम की फरशी

लष्करात आमच्या न्हाणीघराचं काम निघालंय.
हरचरन कुशवाह एक फरशी बाजूला सारतो:
“बाईजी, इसमें लहर है. आधे दाम में रख लो.”

मी तळव्याने चाचपते.
बोटा-बोटावर उंचवटे,
एका अंगाला चढ लांबट, दुसरीकडे उतार तुटका.
गुडघाभर पाणी असावं तेव्हा इथे.
मासा नव्हता, गवत नव्हतं,
पाय भिजवायलासुद्धा कुणी नव्हतं.

मुरारकडच्या दरडीत, कॉलेजात असताना,
छत्रीच्या टोकाने मी थर मोजले होते:
तांबडी गार, करडा चिखल, परत तांबडी,
मग चार बोटं नुसता चिखल.
पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते,
ऊन जरासं सरकतं,
समुद्र चढतो तेव्हा गाळ निवांत बसतो,
उतरला की वाळू पुढे येते.
हे असं, हजारो वर्षांच्या एकेका हेलकाव्यात.

एकशे बेचाळिसाव्या थराशी मी अडले.
मध्ये नखाएवढी रेघ.
तिथे काही साचलंच नाही,
किंवा साचलेलं धुऊन गेलं.
खासगीवाले सर चष्मा पुसत म्हणाले,
“सगळ्यात जास्त वेळ त्या रेघेलाच लागलाय.”
वहीत मी तिला आकडा दिला नाही.
अजूनही कुठला द्यावा, कळत नाही.

“कहाँ लगाऊँ?” हरचरन विचारतो.
दारातच, म्हणते मी, पाय घसरणार नाही.
तो फरशी टेकवतो, बादली ओततो.
थोडं पाणी खळग्यांत थांबतं.

थांब. फिरवून बसव.
उताराची बाजू मोरीकडे कर.
त्या पाण्याला
तिकडेच जायचं होतं.