सहा नंबरची लायब्ररी

पहाटे सव्वातीन. पडद्यावर तेच पुन्हा:
लायब्ररी सापडली नाही.
सर्किट काढायचा प्रोग्राम उघडतो न उघडतो तोच
मिटतो, लाजाळूसारखा.

लॅपटॉप जुना, लॅमिंग्टन रोडचा.
लिनक्स मीच चढवलं, हौसेनं.
डबीत रेझिस्टर आहेत, ५५५ची चिप आहे, भोंगा आहे.
नाही तो फक्त नकाशा,
टाकी भरली की ओरडणाऱ्या यंत्राचा.
भांडुपच्या आमच्या चाळीत चारला पाणी येतं
आणि रोज थोडं गच्चीवरून वाहून जातं.

टर्मिनलमध्ये शोधलं.
हा मागतोय सहा नंबरची, घरात आहे आठ.
जुनी आणावी तर तिच्यामागून आणखी चौदा,
वऱ्हाडातल्या करवल्या जशा,
प्रत्येकीचं रुसणं वेगळं.

आई उठली.
बत्तीस वर्षं मुलुंडच्या वाचनालयात कपाटं सांभाळलेली.
म्हटलं, लायब्ररी सापडत नाही.
हसली नाही. म्हणाली, जागा बदलली असेल.
पुस्तक दुसऱ्या कपाटात गेलं
की रिकाम्या जागी आम्ही चिठ्ठी खोचायचो:
इथे नाही, तिकडे पाहा.

एक ओळ टंकली.
नाव सहाचं, बोट आठकडे.
खोटंच आहे तसं, आठ म्हणजे सहा नव्हे,
पण उघडला.
काळ्यावर करडे ठिपके, रांगोळीसारखे.

ट्रान्झिस्टर घ्यायला गेलो तर
चिन्हांची लायब्ररी वेगळी निघाली.
तीही रिकामी.

वर धार लागल्याचा आवाज.
चपला शोधत आई म्हणाली,
मी बंद करून येते कॉक,
तू चिठ्ठी लिही.